अवाचनीय, सबब दप्तरी दाखल

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. कुठल्या दरोड्यातला आरोपी कुठल्या गावचा, हे आज विचारलं तर मी चुकेन. या प्रकरणातला एक कागद मात्र मला ओळीनं आठवतो. तो वाचता येत नव्हता, तरीही.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव सांगत नाही, कारण त्यातले बरेच जण अजून त्याच गावांत राहतात. हद्दीच्या एका अंगाला कापूस आणि तुरीची शेतं, दुसऱ्या अंगाला झरी जामणीकडं सरकत गेलेलं सागाचं जंगल. एवढ्या हद्दीला एक जीप होती. मंजूर माणसांपैकी निम्मी जागेवर, उरलेली बंदोबस्तात.

नोव्हेंबरातला शनिवार होता. कापूस वेचणी चालू होती. दुपारी बिट जमादाराचा फोन आला की जंगलात एका वनमजुराच्या अंगावर झाड पडून तो मेला आहे. मयत कोलाम समाजाचा, चाळिशीचा, जंगलाच्या कडेच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, राहणारा. जंगल खात्यानं त्याला हंगामापुरतं रखवालीवर घेतलं होतं. मी स्वतः जागेवर गेलो. एक मध्यम जाडीचा साग आडवा पडला होता, त्याच्याखाली तो पालथा. मार डोक्याच्या मागं होता. झाडाच्या बुडाशी कुऱ्हाडीचे घाव होते. सोबतच्या लोकांचं म्हणणं पडलं की चोरट्यांनी अर्धवट तोडून ठेवलेलं झाड वाऱ्यानं पडलं असावं. ते मला पटलं. त्याच्या चपला झाडापासून चाळीस-पन्नास पावलांवर, गाडीरस्त्याच्या कडेला सापडल्या. ते मी पंचनाम्यात लिहिलं आणि त्याचा विचार केला नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी 'जड व बोथट वस्तूचा आघात' असं मत दिलं. झाड हीही जड आणि बोथटच वस्तू. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला आणि दुसऱ्या कामाला लागलो.

नऊ दिवसांनी त्याची बायको ठाण्यात आली. सोबत तिचा भाऊ होता. अशा वेळी माणसं मृत्यूच्या दाखल्यासाठी किंवा पंचनाम्याच्या प्रतीसाठी येतात. मी मोहररला, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम पाहणाऱ्या हवालदाराला, प्रत काढून द्यायला सांगितलं. बाई जागची हलली नाही.

"साहेब, त्याच्या अर्जाचं काय झालं?"

मी विचारलं, कुठला अर्ज? तिनं पदराची गाठ सोडून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. संगणकावरून छापलेली पोच होती. तिच्यावर तक्रारीचा क्रमांक होता आणि तारीख होती.

"तुमीच बजारात सांगतलं होतं," ती म्हणाली. "ठाण्यात याले भेव वाटत असन त येऊ नोका, कंपूटरवरून अर्ज टाका. नाव कोनाले कळनार नाही, आमी सगळे अर्ज वाचतो. म्हून त्यानं टाकला."

तिचं खरं होतं. पावसाळा संपता संपता आठवडी बाजारात ध्वनिक्षेपक लावून मीच ते भाषण केलं होतं. तिकडं माणूस ठाण्यात आला की जीपनं परत गावी पोचायच्या आत बातमी त्याच्या पुढं पोचलेली असते. म्हणून जिल्ह्यानं सुरू केलेली ती सोय मला मनापासून पटली होती. अर्जदारानं संगणकावरच्या पानात तक्रार लिहायची, ती परस्पर आमच्या ठाण्यातल्या संगणकावर यायची आणि मोहररनं तिची छपाई काढून आवक नोंदवहीत चढवायची.

नोंदवही मागवली. क्रमांक होता. तारीख मृत्यूच्या एकोणीस दिवस आधीची, सोमवारची. शेरा होता, 'अवाचनीय, सबब दप्तरी दाखल', म्हणजे पुढं काही करायचं नाही. शेऱ्याखाली माझी आद्याक्षरं.

मोहरर जुना, नेकीचा माणूस होता. त्यालाही धक्का बसला. तो म्हणाला, "साहेब, तो चायनावाल्या अक्षराचा कागद." असे बारा कागद एका फाईलीत होते. दर आठवड्याला नोंदवही माझ्यापुढं यायची, मी बोट फिरवायचो आणि सही करायचो. एकही कागद मी मागून पाहिला नव्हता.

मी तो पाहिला. पानभर चिन्हं होती. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढं चार टोकांचं एक गोल चिन्ह, मग कुठं पाऊणचा अपूर्णांक, कुठं अवतरणचिन्ह, कुठं नोंदणीकृत मालावर असतो तसा वर्तुळातला आर. पुन्हा तिरक्या रेघेचा ए. असं शेवटपर्यंत. मधेच एका ठिकाणी चार इंग्रजी आकडे मात्र स्वच्छ छापलेले होते. ते यंत्राचे काहीतरी आकडे असतील असं मोहररला वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं.

बाईला मी सांगितलं की चौकशी करतो. तिनं चिठ्ठी परत मागून घेतली आणि पुन्हा गाठीत बांधली.

तीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस आधी माणसावर संशय घेतो. यंत्र त्याच्या मनातही येत नाही. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं. मयताला कशाची तरी खबर द्यायची होती. ज्यानं अर्ज टाईप केला, त्यानं मजकूर संबंधितांना पोचवला आणि आमच्याकडं मुद्दाम कचरा पाठवला. मग माणूस मेला. सगळं नीट बसत होतं. आता वाटतं, इतकं नीट बसलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

पोचेवर दुकानाचा शिक्का होता. प्रवासी जीपच्या थांब्याजवळ एका मुस्लिम बाईचं संगणकाचं दुकान होतं. वय तिशीचं, माहेर दारव्ह्याचं. नवऱ्याचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज शेजारीच. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी जावं लागतं. म्हणून महिला शिपायाला घेऊन मी तिच्या घरी गेलो. घर दुकानाच्या मागंच होतं. जीप दारात उभी राहिली तेवढ्यात समोर माणसं जमली.

चार तास मी तिला प्रश्न विचारले. तिला तो माणूस आठवत होता. दीड तास बसला होता, म्हणाली. कोलामी आणि मराठी मिसळून सांगायचा, ती लिहायची आणि वाचून दाखवायची. मजकूर जंगलातल्या लाकूडचोरीचा होता, कोणी तरी धमकी दिल्याचा होता. नावं आठवत नाहीत, कारण ती दिवसाला वीस-पंचवीस अर्ज लिहिते. अर्ज थेट त्या पानात लिहिला जातो, दुकानात प्रत राहत नाही. निघताना तो दोनदा विचारत होता की हे साहेबापर्यंत जाते ना, आणि तिनं दोन्ही वेळा हो म्हटलं होतं.

मी एकच प्रश्न सहा पद्धतींनी विचारला. उत्तर तेच येत होतं, आणि शब्द दर वेळी वेगळे होते. पाठ केलेलं खोटं प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येतं, हे मला माहीत होतं. तरी मी ते बाजूला ठेवलं. शेवटी ठेवणीतलं अस्त्र म्हणून तो कागद तिच्यापुढं टाकला. तिनं बराच वेळ पाहिला.

"साहेब, हे मराठीच हाय."

मला तो उद्धटपणा वाटला. मी तिचा संगणक जप्त करायला सांगितलं. शिपाई तारा ओढायला लागला तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "ओढू नोका, काढून देतो मी," म्हणाली आणि एकेक तार स्वतः सोडवून, गुंडाळून दिली. संगणक जीपमध्ये ठेवताना रस्त्यावरचे सगळे बघत होते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की खबऱ्याचं नाव हिनंच फोडलं.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील दारव्ह्याहून आले. म्हातारे शिंपी होते. भांडायला आले असतील असं मला वाटलं. ते दारातच उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहब, एक बार उसकी पूरी बात सुन लो. फिर जो करना है करो." मुलगी त्यांच्या मागं उभी होती, आपणहून आली होती.

तिनं माझ्यासमोर स्वतःच्या मोबाईलवरून तक्रारीचं पान उघडलं आणि एक ओळ लिहून पाठवली. ओळ मी वाचली होती: 'मी खोटं बोलून नाही राह्यली.' थोड्या वेळानं आमच्या संगणकावर अर्ज आला. मोहररनं छपाई काढली. तिरक्या रेघेचा ए, चार टोकांचं चिन्ह, अपूर्णांक. तोच कचरा. मग तिनं तीच ओळ शेजारच्या ठाण्याच्या नावानं पाठवली. मी तिथल्या अंमलदाराला फोन केला. त्यानं ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली आणि विचारलं, "सर, हे कोण म्हणतंय?" मी फोन ठेवला.

मग तिनं समजावून सांगितलं, आणि नंतर जिल्ह्याच्या तांत्रिक शाखेनंही तेच सांगितलं. मला कळलं ते माझ्या शब्दांत सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. मराठीचं अक्षर, काना, मात्रा, प्रत्येक गोष्ट तो तीन आकड्यांत साठवतो. ते आकडे कोणत्या लिपीचे समजून वाचायचे, हे प्रोग्राममध्ये पक्कं लिहिलेलं असायला पाहिजे. आमच्या ठाण्यातला छपाईचा प्रोग्राम जुना होता. तो स्वतः काही ठरवत नव्हता, त्या संगणकाचा देश आणि भाषा काय ठेवली आहे ते पाहून तसंच वाचायचा. आमचा संगणक पावसाळ्यात विजेनं जळाला होता. दुरुस्त होऊन आला तेव्हा त्यात भाषा इंग्रजी आणि देश अमेरिका राहून गेला होता. त्यामुळं मराठीच्या एका अक्षराचे तीन आकडे तो तीन परदेशी चिन्हं म्हणून छापत होता. अर्ज आला होता, पूर्ण आला होता. आमचं यंत्र तो दुसऱ्याच लिपीत वाचत होतं.

"आमच्या दुकानात कधी कधी असं व्हते," ती म्हणाली. "मग आमी भाषेची सेटिंग बदलतो."

मोहररच्या खुर्चीवर बसून तिनं दोन-तीन खिडक्या उघडल्या, एका ठिकाणी खूण केली आणि संगणक बंद करून चालू केला. ओळ पुन्हा पाठवली. या वेळी मराठीत छापली गेली. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.

मूळ अर्ज मात्र कुठंच उरला नव्हता. छपाई झाली की आमच्या संगणकावरची फाईल आपोआप पुसली जायची, आणि वरच्या यंत्रणेत मजकूर पंधरा दिवसच राहायचा. राहिला होता तो फक्त हातातला कागद. ती म्हणाली की हा कागदच वाचता येईल, वेळ लागेल. मी तिला विचारलं, एवढं झाल्यावर तुम्ही का मदत करता? ती म्हणाली, "त्यानं मले दोनदा विचारलं होतं."

दोन दिवस ती, महिला शिपाई आणि मोहरर त्या कागदावर बसले. आधी तक्ता केला. 'क' लिहून पाठवायचा, जुन्या सेटिंगवर छापायचा, कोणती तीन चिन्हं येतात ते लिहून ठेवायचं. असं प्रत्येक अक्षराचं आणि प्रत्येक मात्रेचं. पहिली दोन चिन्हं जवळपास सगळीकडं सारखी, खरं अक्षर तिसऱ्या चिन्हात. मग पट्टी लावून तीन-तीन चिन्हं तोडायची आणि वर मराठी अक्षर लिहायचं. अडचण एक होती. काही अक्षरांचं तिसरं चिन्ह त्या परदेशी लिपीत छापलंच जात नव्हतं. झ, भ, ए यांच्या जागा रिकाम्या होत्या. पहिला उकार आणि पाय मोडल्याची खूण याही तशाच. तिथं आजूबाजूच्या अक्षरांवरून अंदाज करावा लागे. 'ाडाखाली' असं आलं तर ते 'झाडाखाली'च असणार. बहुतेक जागा अशा सुटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तो उभ्यानं वाचून दाखवला.

'मी जंगलात रखवालीले असतो. नाल्याच्या वरतं सागवन तोडून राह्यले. गाडी मंगळवारी अन् शनवारी येते. वरतून कापसाचे गठोडे ठेवते, खाली लाकूड.' पुढं गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे. कागदावर पहिल्यापासून स्वच्छ दिसत होते तेच, कारण इंग्रजी आकड्यांना कोणत्याही सेटिंगनं काही होत नाही. मग माल कोणासाठी जातो त्याचं नाव. मग, 'मले म्हनलं का तोंड उघडलं त तुलेच झाडाखाली घालू. साहेब मी एकटा असतो. तुमी जंगलात येऊ नोका, त्यायले आवाज येते. रस्त्यावर थांबा.'

नाकाबंदी कुठं लावायची हेही त्यानं आम्हाला सांगून ठेवलं होतं. मोहरर उठून बाहेर गेला. मी बोटं मोडून वार मोजले. अर्ज सोमवारचा. त्यानंतर मंगळवार आणि शनिवार मिळून पाच फेऱ्या झाल्या होत्या. सहाव्या फेरीच्या दिवशी तो मेला.

मर्गाचं रूपांतर खुनाच्या गुन्ह्यात केलं. चार आकड्यांवरून परिवहन कार्यालयातून यादी काढली. त्या आकड्यांच्या मालवाहू गाड्या जिल्ह्यात तीन निघाल्या, त्यातली एक आमच्या बाजूची. मुकुटबनकडून येणाऱ्या रस्त्यावर गाडी अडवली आणि चालकाला ताब्यात घेतलं. पस्तिशीचा, बायकामुलं असलेला, आधी एकही गुन्हा नसलेला माणूस.

त्याला मी खुनाबद्दल काहीच विचारलं नाही. आरोपी ज्या प्रश्नाची तयारी करून बसलेला असतो तो विचारून उपयोग नसतो. मी खुनाच्या आठवड्यातल्या मंगळवारचं विचारलं. कापूस कुठून भरला, कुठं उतरवला, चहा कुठं घेतला. मंगळवारचं त्याला धड आठवत नव्हतं. मग त्या शनिवारचं विचारलं. शनिवार त्याला घड्याळ लावल्यासारखा आठवत होता, चहाबरोबर काय खाल्लं तेसुद्धा. साधा दिवस कोणाला एवढा आठवत नाही. मी अर्ज काढला आणि सावकाश वाचायला लागलो. 'साहेब मी एकटा असतो' इथं त्यानं मान खाली घातली.

"तो गाडीसमोर आडवा झाला साहेब," तो म्हणाला. "हात जोडून राह्यला होता. म्हने, आज नोका नेऊ, माह्यावर येते."

सोबतच्या तोडणाऱ्यानं मागून कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. मग दोघांनी त्याला रस्त्यावरून ओढत नेलं आणि अर्धवट तोडलेलं झाड त्याच्यावर पाडलं. चपला रस्त्याच्या कडेलाच राहिल्या. पुढं तो तोडणाराही सापडला आणि त्यानं पंचांसमक्ष शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखालून दांडा काढून दिला. त्यावर रक्त मिळालं.

मी चालकाला विचारलं की मयतानं अर्ज दिल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं. त्यानं उलट मलाच विचारलं,

"कोनता अर्ज?"

कोणीही फितूर झालेलं नव्हतं. त्यांना अर्जाचा पत्ताच नव्हता. मी आठवडाभर ज्या दगाबाज माणसाला शोधत होतो, तो अस्तित्वातच नव्हता.

राहिला होता तिसरा. ज्याच्यासाठी माल जायचा तो, तालुक्यात वजन असलेला माणूस. चालकानं त्याचं नाव मला सांगितलं होतं, पण पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, आणि पुढं चालकानं तो फिरवलाही. त्या माणसापर्यंत जाणारा एकच धागा होता, अर्जातलं नाव. आणि त्या नावाचं पहिलंच अक्षर कागदावर रिकामं होतं. आमच्या मते ते 'भ' होतं. त्याच गावात पहिलं अक्षर 'झ' आणि बाकी नाव तेच असलेला दुसरा एक माणूस होता, दोन वर्षांपूर्वी वारलेला.

मी एक गोष्ट केली, ती लिहितो. खटला उभा राहायच्या आधी मी त्या दुकानदार बाईकडं गेलो. तिला म्हटलं, नाव तुम्हीच टाईप केलं होतं. 'भ'च होता ना? तुम्हाला आठवत असेलच.

तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "साहेब, खरं बोलून राह्यली होती तवा तुमी मले खोटी म्हनलं. आता खोटं बोल म्हनता. मले नाव नाही आठवत."

साक्षीतही तिनं तेवढंच सांगितलं. अर्ज मी लिहिला, मजकूर हाच होता, नाव आठवत नाही. बचावाच्या वकिलांनी तिला दोन तास उभं ठेवलं, ती हलली नाही. तज्ज्ञानंही प्रामाणिकपणे सांगितलं की रिकाम्या जागी कोणतं अक्षर होतं हे कागदावरून खात्रीनं सांगता येत नाही. दांडा, रक्त आणि मोबाईलचं ठिकाण यांच्या आधारे दोघांना जन्मठेप झाली. तिसरा संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालाच्या दिवशी तो माझ्या शेजारून गेला आणि मला नमस्कार करून गेला.

खात्यानं मला लेखी ताकीद दिली. मोहररवर कारवाई होऊ नये म्हणून मी लिहून दिलं की सही माझी होती. त्यानं नंतर बदली मागून घेतली. उरलेले अकरा कागदही आम्ही तक्त्यावरून सोडवले. एकात हरवलेल्या बैलाची तक्रार होती, बैल कधीच विकला गेला होता. एकात एका म्हातारीनं लिहवून घेतलं होतं की मुलगा मारतो. ती घर सोडून मुलीकडं निघून गेली होती आणि आता तिला काही बोलायचं नव्हतं.

दुकानदार बाईनं माझ्याकडं एकच मागणी केली होती, माझी काही चूक नव्हती असं लेखी द्या. मी ठाण्याच्या कागदावर लिहून, शिक्का मारून दिलं. तिनं ते दुकानात चौकटीत लावलं. पण लोकांच्या डोळ्यांसमोरून गेली होती ती पोलिसांची जीप. गुपित अर्ज लिहायला तिच्याकडं कोणी फिरकेना. वर्षभरात दुकान बंद झालं आणि नवऱ्याचं गॅरेज घेऊन ती दारव्ह्याला गेली.

निकालानंतर मी पोडावर गेलो. मयताच्या बायकोला निकाल सांगायचा होता. तो तिला आधीच कळला होता. तिनं खाट टाकली आणि म्हणाली की त्यानं काय लिहिलं होतं ते मले कोनी वाचून नाही दाखवलं. माझ्याजवळ नक्कल होती. मी वाचायला लागलो. रिकाम्या जागेशी मी थांबायचो आणि ती शब्द सांगायची. तिला वाचता येत नव्हतं, पण तो अर्जाला जायच्या आधी घरी तिच्यापुढं बोलून गेला होता. नावाशी आलो तेव्हाही मी थांबलो. तिनं नाव सांगितलं. तेच होतं. तो माणूस तिच्या घरापासून चार किलोमीटरवर राहतो. ती माझ्याकडं साक्षीसाठी कधी आली नव्हती आणि मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. गुन्हा नोंदवताना मी तिचा जबाब घेतला होता, फक्त अर्धं पान.

वाचून झाल्यावर तिनं नक्कल हातात घेऊन पाहिली. मग विचारलं, "तवाच वाचला असता त कवा पकडलं असतं तुमी त्यायले?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "दुसऱ्याच दिवशी. मंगळवारी."

तिनं मान हलवली. "मंगळवारी तो बेड्यावरचं लाकूड बदलून राह्यला होता," म्हणाली, आणि कुंपणाच्या बेड्याकडं, म्हणजे फाटकाकडं, पाहिलं. तिथं एक लाकूड बाकीच्यांपेक्षा नवं होतं.

आता निवृत्त आहे. नवे अधिकारी कधी भेटायला येतात, तपासाबद्दल विचारतात. मी त्यांना संगणकाचं फार सांगत नाही, ते त्यांना माझ्याहून जास्त येतं. एवढंच सांगतो की आपल्याला वाचता आलं नाही म्हणजे समोरच्यानं काही लिहिलंच नाही, असं धरू नका. कागद कळत नसेल तर तो कोणी पाठवला ते शोधा, त्याच्या घरी जा आणि त्यालाच विचारा. मला ते करायला एकोणीस दिवस होते. मी बोट फिरवून सही केली. ही गोष्ट सांगितली की समोरचा म्हणतो, सर, चूक तर सेटिंगची होती. मी त्याचं म्हणणं दुरुस्त करतो: सही माझी होती.